खाडा : एका घरगुती हिशेबाची चिकित्सा

(कांजूरमार्ग पूर्व येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

मघाशी आत येताना दारात दोघांनी अडवलं. फलकावरचा विषय वाचून म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान सोडून आज खाड्यावर?" मी म्हटलं, सोडून नाही हो, घेऊनच आलोय. पस्तीस वर्षं मी मुलांना नीतिशास्त्र शिकवलं. न्याय म्हणजे काय, समता म्हणजे काय, ज्याचं त्याला देणं म्हणजे काय, यावर फळे भरभरून लिहिले. आणि त्याच पस्तीस वर्षांत दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या स्वयंपाकघरात न्यायाचा एक हिशेब होत होता, त्याकडे मी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. तो हिशेब आज तपासायचा आहे. दुसऱ्यांवर टीका करणं आमच्या धंद्यात सोपं असतं. आज आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा आहे, असं समजून ऐका.

तुमच्या सगळ्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. माझ्याही घरी आहे, १९७३ साली ते निघालं तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी. त्या चौकटींत आमची ही पेन्सिलीने खुणा करायची. दूध आलं नाही तर 'दू'. बाई आल्या नाहीत तर 'बा'. महिनाअखेरीला दोन्ही खुणा मोजायच्या, दुधाचे तितके पैसे कमी, बाईंचे तितके पैसे कमी. एकच पेन्सिल, एकच चौकट, एकच वजाबाकी. ही गेल्यावर जुनी कॅलेंडरं काढून बसलो होतो, तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आम्ही दूध आणि माणूस एकाच रकान्यात मांडत होतो. कोणी वाईट नव्हतं. ही तर फारच मायाळू. बाईंच्या मुलीच्या लग्नात तिने स्वतःची साडी दिली होती. तरीही 'दू' आणि 'बा' एकाच रकान्यात.

आता दूध न येणं आणि माणूस न येणं यांत फरक काय? हा प्रश्न पोरकट वाटतो. आजच्या व्याख्यानाचा सगळा भार मात्र त्याच्यावर आहे.

आधी शब्दांकडे बघू. आमच्यात ही खोड असते, सहन करा. आपल्या भाषेत कामावर न येण्याला चार शब्द आहेत. रजा, सुट्टी, दांडी आणि खाडा. मी कॉलेजात गेलो नाही तर ती रजा. कॉलेजच बंद असेल तर सुट्टी. विद्यार्थी आला नाही तर दांडी. आणि बाई आल्या नाहीत तर खाडा. न येणं एकच, पण कोण आलं नाही यावर शब्द बदलतो. 'रजा' हा शब्द अरबी-फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी. म्हणजे 'हक्काची रजा' असं आपण म्हणतो तेव्हा शब्दशः 'हक्काची मर्जी' असं काहीतरी विचित्र बोलत असतो. त्या विसंगतीत एक मोठा इतिहास आहे. जी गोष्ट मालकाची मर्जी होती, ती कामगारांनी भांडून हक्क केली. शब्द जुना राहिला, वस्तू बदलली. खाड्याच्या बाबतीत मात्र शब्दही बदलला नाही आणि वस्तूही नाही.

आणखी एक शब्द, मोलकरीण. मोल घेऊन काम करणारी. हा शब्द आता आपल्याला टोचतो, म्हणून आपण 'मावशी' म्हणतो, 'ताई' म्हणतो. गंमत बघा. मोलकरीण या शब्दात निदान मोल होतं, व्यवहार होता. मावशीला काय देणार? मावशीला माया द्यायची असते. नातं जोडलं की करार गळून पडतो, आणि खाडा कापायची वेळ आली की नातं गळून पडतं. दोन्हीकडून फायदा आपलाच.

बरं, आता दूध. दूध आलं नाही तर पैसे का द्यायचे नाहीत? कारण मी दूध विकत घेतो. लिटरला अमुक. वस्तू नाही, तर किंमत नाही. यात अन्याय काही नाही. मग बाईंकडून मी काय विकत घेतो? तुम्ही म्हणाल, काम. घासलेली भांडी, पुसलेली फरशी. ठीक. तर मग हिशेब कामाचाच ठेवा. पाहुणे आले, भांडी दुप्पट झाली, त्या दिवशी दुप्पट दिले? गणपतीत पाच दिवस घर भरलेलं होतं, तेव्हा पेन्सिलीने कुठली खूण केली? माझ्या एकाही जुन्या कॅलेंडरवर अशी अधिकची खूण नाही. वजाबाकीच्या खुणा आहेत, बेरजेची एकही नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल की ज्या नियमात फक्त वजाबाकी आहे तो कामाच्या मोबदल्याचा नियम नव्हे.

मग तुम्ही म्हणाल, नाही, आम्ही महिन्याचा पगार ठरवतो. काम थोडं कमी-जास्त चालायचंच. हेही ठीक. पण मग महिन्याचा पगार महिन्याचाच राहू दे. देताना महिन्याचा आणि कापताना दिवसाचा, हे कसं? दोन वेगळे करार आहेत. एक महिन्याचा, एक रोजंदारीचा. त्या दोन्हींतली आपल्या सोयीची टोकं घेऊन आपण तिसरा करार तयार केला आहे, आणि तो कधी कोणाला वाचूनही दाखवलेला नाही.

हे मला कधी कळायला हवं होतं, ते सांगतो. सांगताना आजही अंगावर शहारा येतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मे महिन्यात आम्ही कोकणात जायचो. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी, माझा पगार चालू. पूर्ण पगार, महागाई भत्त्यासकट. आम्ही पंधरा-वीस दिवस घर बंद करून जायचो आणि परत आलो की बाईंचे तेवढे दिवस कापले जायचे. कारण सरळ होतं : घरच बंद होतं, काम कुठे झालं? एका वर्षी बाईंनी हिला विचारलं, "वहिनी, सरांचं कॉलेज बंद असतं ना मे महिन्यात?" ही म्हणाली, हो. तर त्या म्हणाल्या, "मग तुमचीपण ओढाताणच होत असेल. अर्धाच पगार येत असेल सरांचा." त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच आमची काळजी वाटली होती. काम बंद तर पगार बंद, हा नियम त्यांनी इतका मनापासून मानला होता की तो मलाही लागू असणार असं त्यांनी गृहीत धरलं. हिने मला ते हसत सांगितलं. मीही हसलो. मित्रहो, तेव्हा मी वर्गात कान्ट शिकवत होतो. १७८५ च्या त्या छोट्या ग्रंथात कान्ट म्हणतो की जगात काही गोष्टींना मोल असतं आणि काहींना प्रतिष्ठा असते. ज्याला मोल असतं त्याच्या जागी तितक्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं, माणसाच्या जागी तसं ठेवता येत नाही. हे मी उत्तम शिकवायचो. आणि माझ्या भरपगारी सुट्टीच्या पैशांतून मोलकरणीची बिनपगारी सुट्टी कापून घ्यायचो.

मला भरपगारी सुट्टी का होती? मी काही फार थोर माणूस होतो म्हणून नव्हे. माझ्या आधी कोणीतरी भांडलं होतं म्हणून. मुंबईत बोलतोय, तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव घ्यायलाच हवं. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस. गिरणी कामगारांची संघटना त्याने बांधली आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण रविवार इंग्रजांनी दिला असं समजतो. मुंबईच्या गिरण्यांत तो लोखंड्यांनी मिळवलेला आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. काम थांबणं वेगळं आणि थांबल्या दिवसाचा पगार मिळणं वेगळं. वर्षाकाठी काही दिवस पगारी रजा, ही गोष्ट कारखान्यांच्या कायद्यात १९४५ च्या दुरुस्तीने आली, आणि १९४८ च्या कायद्यात पक्की झाली. वर्षात २४० दिवस काम केलं की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. १८९० ते १९४५, पंचावन्न वर्षं. एक सुट्टी मिळायला एक पिढी, ती पगारी व्हायला आणखी दोन.

आता तुमच्या कांजूरमार्गाकडे या. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना एकेकाळी कारखाने होते, हे इथल्या पांढऱ्या केसांना सांगायला नको. भोंगा वाजायचा, पाळी सुटायची, मे महिन्यात कामगार हक्काची रजा घालून गावी जायचे. त्या रजेवर तुमची लग्नं ठरली, घरं शाकारली गेली, आजारी आईवडिलांजवळ बसता आलं. मग एकेक कारखाना बंद पडला, हलला, त्या जागी टॉवर उभे राहिले. आणि ज्या घरातला बाप कारखान्यात होता त्या घरातली सून आज त्याच रस्त्यावरच्या टॉवरमध्ये चार घरची कामं करते. कोणी भांडुपच्या डोंगरावरून उतरून येते, कोणी पलीकडे पवईला जाते. जागा तीच, कुटुंब तेच, घामही तोच. सासऱ्याला वर्षाला पंधरा दिवस भरपगारी रजा होती. सुनेला खाडा आहे. याला आपण विकास म्हणतो.

कायदा काय म्हणतो? कायदा वाचताना माझी जुनी सवय अशी, की तो काय देतो यापेक्षा तो कोणाला मोजतो ते आधी बघायचं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा चांगला आहे. वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा, आठ सणावारांच्या पगारी सुट्ट्या, २४० दिवस भरले की वीसास एक या दराने रजा. पण कोणाला? २०१७ च्या मूळ कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेतल्यांना. केंद्राच्या नव्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, त्यांत २४० दिवसांची अट १८० वर आली. चांगली गोष्ट आहे. पण माझं घर ही आस्थापना नाही. तुमचंही नाही.

हिशेब करून बघा. एक बाई पाच घरी कामं करते. वर्षात ३४० दिवस तरी तिचे पाय या इमारतींचे जिने चढतात. २४० सोडा, तिने कोणताही आकडा कधीच ओलांडला. पण कायद्याचं एकक 'आस्थापना' आहे, 'माणूस' नाही. रजेचा हक्क जागेला चिकटवलेला आहे आणि ही बाई पाच जागांत विभागलेली आहे. प्रत्येक घर म्हणतं, आमच्याकडे तर दीडच तास येते. पाच घरांचे पाच दीड तास मिळून जो पूर्ण दिवस होतो, तो कोणाच्याच वहीत नाही. अर्धवेळ कामगार म्हणजे अर्धा कामगार, असा आपला समज. प्रत्यक्षात ती पूर्णवेळ राबते, अर्धे आहेत ते मालक.

घरकामगारांसाठी वेगळा कायदा आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८. त्याचं श्रेय ज्या संघटनांना आहे त्यांच्याविषयी मला आदर आहे. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, पगारवाढीबरोबर पगारी सुट्टी मागितली होती. तेव्हापासूनची ती वाट आहे. पण २००८ चा कायदा काय करतो? नोंदणी करतो, मदत देतो. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत बाईंना दहा हजार रुपये 'सन्मानधन' अशी योजना त्याखाली आली. आणि मालकाला तो कायदा काय सांगतो? साप्ताहिक सुट्टी द्या, रजा द्या, असं काही नाही. बाई आणि सरकार यांच्यात मदतीचं नातं त्याने उभं केलं. बाई आणि मी, यांच्यातला करार त्याने हातसुद्धा लावला नाही. मी जसा होतो तसाच सुटलो.

आणि असंही नाही की हे कोणाला सुचलं नव्हतं. १९५९ साली राज्यसभेत घरगुती कामगारांसाठी विधेयक मांडलं गेलं होतं. आठवड्याची विश्रांती, वर्षाला पंधरा दिवस रजा, हे त्यात होतं. कायदा झाला नाही. २०११ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांचा १८९ क्रमांकाचा करार केला, भारताने बाजूने मत दिलं, पण आजवर त्याला मान्यता दिली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की यावर समिती नेमून कायद्याचा विचार करा. आणि आपली राज्यघटना? अनुच्छेद ४३ काढून वाचा. शेतीतले, उद्योगातले आणि अन्य, अशा सर्व कामगारांना निर्वाह वेतन आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा यासाठी राज्य झटेल, अशा आशयाचं ते आहे. फुरसत! घटनेत फुरसत आहे, मित्रहो. आणि ती बाई त्या 'अन्य' या शब्दात पंचाहत्तर वर्षं उभी आहे.

आता माझ्या दुसऱ्या घराकडे येतो, म्हणजे कॉलेजकडे. तिथे भांडी घासायची नसतात, तरी खाडा आहे. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तुमच्यापैकी कोणाच्या घरी असतील. पीएच.डी. झालेली, नेट-सेट झालेली माणसं. तासाला अमुक रुपये. तास झाला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, पैसे नाहीत. परीक्षा सुरू झाल्या, तास नाहीत, पैसे नाहीत. मे महिना कोरा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं म्हटलं, पण सुट्टीच्या पगाराचा प्रश्न तसाच राहिला. माझ्या विभागात असा एक तरुण होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून मी जूनमध्ये त्याला विचारायचो, "काय, सुट्टी कशी गेली?" तो म्हणायचा, "बरी गेली सर." पुढे कळलं की तो मे महिन्यात क्लासेसच्या उत्तरपत्रिका तपासायचा. त्याच्या पैशाला आम्ही पगार म्हणत नव्हतो, 'मानधन' म्हणायचो. इकडे मानधन, तिकडे सन्मानधन. मराठीत जिथे हक्क द्यायचा नसतो तिथे मान देतात.

माझ्या आणि त्याच्या शिकवण्यात फरक नव्हता. तो माझ्याहून बरं शिकवायचा. फरक इतकाच की मला महाविद्यालयाने माणूस म्हणून घेतलं होतं आणि त्याला तास म्हणून घेतलं होतं. माणूस दमतो, आजारी पडतो. तास दमत नाही.

हाच प्रश्न इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जुलै २०२२ मध्ये आला, तो खटला मला फार बोलका वाटतो. हार्पर ट्रस्ट विरुद्ध ब्रझेल. ब्रझेलबाई शाळेत सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट शिकवायच्या, फक्त सत्र चालू असताना, येतील तितक्या तासांचे पैसे. तिथे १९९८ च्या नियमांनी प्रत्येक कामगाराला वर्षाला ५.६ आठवडे पगारी सुट्टी आहे. संस्थेचं म्हणणं, या बाई सगळं वर्ष काम करत नाहीत, तेव्हा कमाईच्या १२.०७ टक्के सुट्टीचा पगार म्हणून देऊ. हा आकडा आला कुठून? बावन्न आठवड्यांतून ५.६ वजा केले की ४६.४ उरतात, आणि ५.६ ला ४६.४ ने भागलं की १२.०७ टक्के. अगदी दुधाच्या हिशेबासारखा चोख. न्यायालयाने तो मानला नाही. म्हणाले, वर्षभराचा करार आहे ना? मग ५.६ आठवडे तिचे, सरासरी आठवड्याच्या पगाराने द्या. यात पूर्णवेळ शिक्षकापेक्षा प्रमाणात तिला थोडं जास्त मिळतं, हे न्यायालयाला दिसत होतं. तरी तसा निकाल दिला. पुढे तिथल्या सरकारने नियम बदलले, आणि १ एप्रिल २०२४ नंतर सुरू होणाऱ्या रजावर्षांपासून अशा कामगारांना पुन्हा १२.०७ टक्केच आले.

कोण बरोबर? इथे अ‍ॅरिस्टॉटल मदतीला येतो. तो म्हणतो, न्याय म्हणजे प्रमाण. ज्याचं जेवढं, त्याला तेवढं. या नियमाने सरकार बरोबर. पण अ‍ॅरिस्टॉटलच बजावतो की प्रमाण कशाचं हे आधी ठरवा, भांडण तिथेच असतं. रजा कामाच्या तासांच्या प्रमाणात की थकणाऱ्या देहाच्या? मला वाटतं, प्रामाणिक उत्तर दोन्हींच्या मधे आहे. पण एक लक्षात घ्या. त्यांचं भांडण ५.६ आठवडे पुरे की १२.०७ टक्के, यावर आहे. आपल्याकडे शून्य टक्के आहे. आपण आधी त्या भांडणाच्या लायक होऊ.

मग करायचं काय? टीका करणाऱ्याला हा प्रश्न विचारला की तो पाणी पितो. (हशा.) मीही पितो.

उत्तर परदेशात शोधायची गरज नाही. ते मशीद बंदरला आणि वाशीच्या बाजारात सापडतं. माथाडी कामगार सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी रिकामी करतो, दुपारी दुसऱ्याची. मालक अनेक, अंग एक. बाईंचाच प्रश्न. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने काय केलं? व्यापाऱ्याने मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही भरायची. बोर्ड कामगाराच्या नावाने हिशेब ठेवणार, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि पगारी रजा. म्हणजे हक्क जागेपासून सोडवून माणसाला जोडला. त्या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, मला माहीत आहेत. पण कल्पना अस्सल आहे आणि आपल्या मातीतली आहे. २००८ चा कायदा करताना ती डोळ्यांसमोर होती, घेतली नाही. का नाही? मला वाटतं, कारण तिथे लेव्ही व्यापाऱ्यावर होती, इथे ती आमदार, अधिकारी, पत्रकार आणि प्राध्यापक यांच्या स्वयंपाकघरावर आली असती.

व्यवहारात अवघड आहे असं म्हणू नका. तुमच्या सोसायटीच्या फाटकावर बाईंची नोंद होते. फोटो, ओळखपत्र, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. आता तर मोबाइलवर कळतं, बाई फाटकात आल्या. ज्या यंत्रणेला बाईंवर इतकी बारीक नजर ठेवता येते तिला त्यांच्या रजेचा हिशेब ठेवता येणार नाही?

आक्षेप मला माहीत आहेत. तीन घेतो.

पहिला, आम्ही पेन्शनर, परवडणार नाही. धरून चाला, एका घरचा महिन्याचा पगार २,००० रुपये. दिवसाला साधारण ६७. वर्षाला ३०० दिवस कामाचे, वीसास एक या दराने पंधरा दिवस रजा. पंधरा गुणिले ६७, एक हजार रुपये. महिन्याला ८३. आठवड्याच्या सुट्टीला तर वेगळं काही द्यायचंच नाही, फक्त कापायचं नाही. आणि उलट बाजूने बघा. पाच घरं मिळून दहा हजार. महिन्यात चार दिवस ताप आला, पाचही घरांनी कापले, तर सुमारे १,३०० रुपये गेले, नेमके औषधं घ्यायच्या महिन्यात.

दुसरा आक्षेप, त्या न सांगता दांड्या मारतात. मारतात. पण सांगून काय मिळतं? सांगितलं तरी खाडा, न सांगितलं तरी खाडा. वर सांगितलं तर बोलणी. पूर्वसूचना हे कर्तव्य आहे, आणि कर्तव्य हक्काच्या जोडीने येतं. मला हक्काची रजा होती म्हणून मी अर्ज लिहायचो. हक्काची रजा नसते तिथे दांडी असते.

तिसरा आक्षेप हुशार आहे. माझ्या एका अर्थशास्त्री मित्राचा. तो म्हणतो, रजेचा पगार दिलास तर बाजार मूळ पगार तेवढा कमी ठरवील, बेरीज तीच. समजा तीच राहिली. तरी फरक उरतो. आज आजारपणाची सगळी जोखीम बाईंच्या अंगावर आहे, ती वाटली जाईल. आणि रजा म्हणजे नुसते पैसे नव्हेत. युरोपच्या न्यायालयाने २००६ मध्ये हेच म्हटलं होतं. सुट्टीचा पगार रोजच्या मजुरीत मिसळून देऊ नका, नाहीतर माणूस सुट्टी घेणारच नाही. पैसे खर्चून जातील, विश्रांती राहून जाईल.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. सध्या माझ्याकडे ज्या ताई येतात त्यांना मी सांगितलं, महिन्याला चार रविवार आणि वर्षाला पंधरा दिवस तुमचे, पैसे कापणार नाही. पहिल्या रविवारी त्या आल्याच. म्हटलं, "अहो, सुट्टी ना?" तर म्हणाल्या, "सर, आज घेतली आणि पुढच्या महिन्यात तुम्ही दुसरी बाई बघितली तर?" दोन-तीन महिने लागले त्यांना विश्वास बसायला. मग रविवारी येईनाशा झाल्या. मला फार समाधान वाटलं. सत्तरीत का होईना, एक गोष्ट नीट केली.

एका रविवारी खाली दूध आणायला गेलो, तर त्या जिन्यात. शेजारच्या इमारतीत नाही, आमच्याच इमारतीत. तिसऱ्या मजल्यावरून येत होत्या. म्हणाल्या, "बाकीच्या चार घरी आहे ना सर." म्हणजे मी सुट्टी दिली नव्हतीच. मी दीड तास दिला होता. बाकीची चारही घरं चांगल्या माणसांची आहेत, त्यांतली दोन आज इथे बसलेली असतील. पण एकट्याच्या चांगुलपणाने रविवार होत नाही. लोखंड्यांना हे १८९० मध्ये कळलं होतं, म्हणून ते एका मालकाच्या दारात गेले नाहीत, सगळ्या मालकांपुढे गेले. सुट्टी ही एकेकट्याने द्यायची वस्तूच नाही. ती सगळ्यांनी मिळून मान्य करायची असते, आणि मान्य केल्यावर कायद्यात लिहायची असते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर सोसायटीच्या पुढच्या सभेत, पार्किंग आणि गळती यांच्या शेवटी, हा एक विषय घ्या. आमच्या सभेत मी तो लिहून दिला आहे. मंजूर होईलच असं नाही. पण या वर्षीच्या कालनिर्णयावर माझ्याकडे फक्त दुधाच्याच खुणा आहेत.